रुचिताच्या हॉलमधला टेकू

रुचिताच्या हॉलमध्ये टेकू लागला तेव्हा अख्ख्या बी विंगला वाईट वाटलं आणि मला एकटीला हसू आलं. त्या हसण्याची आता लाज वाटते, पण आलं होतं हे खरं. खोटं तेव्हा पुष्कळ बोलून झालंय, आता नको.

मिरा रोडला आमच्या पेणकरपाड्यात टेकूचं कुणाला नवल नव्हतं. बिल्डरने घाईत बांधायचं, आपण घाईत राहायला यायचं, आणि दहा-बारा वर्षांत कुणाच्या बाल्कनीखाली, कुणाच्या बाथरूमखाली लोखंडी टेकू उभा राहायचा. २००९ साली आमच्याच बिल्डिंगमध्ये तसे तीन होते. चौथ्याबद्दल कोण विचारतंय? तळमजल्यावरची सुलू तेवढी मुद्दाम बघून आली.

"केवढा चकाचक गं! स्टीलचा टेकू मी कधी बघितला नव्हता."

"गंजत नाही तो," रुचिता म्हणाली, आणि सुलूला ते पटलंसुद्धा.

तो टेकू नव्हताच. तो पोल डान्सचा पोल होता, आणि ते बिल्डिंगमध्ये फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. निदान माझी तरी तशी समजूत होती.

रुचिता माझ्या समोरच्या फ्लॅटमधली. दारं समोरासमोर, पण आत आमच्या हॉलांमध्ये भिंत एकच. तिचा नवरा अभिनव सिल्वासाला कंपनीत, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. घरात ती, दुसरीतला अथर्व आणि सासूबाई, मनोरमाकाकू. काकू गिरगावच्या चाळीतून इथे आलेल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण त्या खोलीत आल्या की रुचिता पदर नसला तरी पदर सारखा करायची.

जानेवारीपासून आम्ही दोघी मिरा रोड स्टेशनजवळ क्लेअरकडे शिकायला जात होतो. क्लेअर उत्तनजवळच्या चौक गावची. सात वर्षं मोठ्या प्रवासी बोटीवर नाचायचं काम करून आलेली, तिथेच पोल शिकलेली. एका शॉपिंग सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर तिने चार पोल उभे केले होते आणि बाहेर पाटी होती 'लेडीज फिटनेस'. त्या दिवसांत 'डान्स' म्हटलं की लोकांना लगेच बार आठवायचे, त्यामुळे आत काय चालतं ते पाटीवर न लिहिण्यातच शहाणपण होतं. आम्ही सहा बायका. सहाही जणी घरी 'योगा' सांगून यायच्या.

मी गेले कंबर दुखत होती म्हणून आणि घरात बसून कंटाळले होते म्हणून. मला ते फारसं जमलं नाही. माझं वजन आणि माझा स्वभाव, दोन्ही खाली ओढणारे. पण रुचिता! घरात पाय न वाजवता चालणारी, फोनवरही हळू बोलणारी ही बाई. पहिल्या महिन्यातच ती पोलला हात लावून एक गिरकी घ्यायची आणि बाकीच्या आम्ही घाम पुसायचं विसरून बघत राहायचो. खाली उतरली की चेहरा लाल, आणि हसू दाबता येत नसे. "उर्मिला, मला इथे कुणीच काही सांगत नाही गं," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, क्लेअर तर सारखी ओरडत असते. ती म्हणाली, "तसं नाही." मला कळलं होतं तिला काय म्हणायचंय. मी उगाच चिडवत होते.

क्लेअर खरोखरच ओरडायची. तिचे दोन नियम होते. एक, चढण्याआधी पोल दोन्ही हातांनी हलवून बघायचा, अंगाचा भार टाकून. रोज. कुणी विसरलं की ती तिथल्या तिथे खाली उतरवायची. "पोल हाय तो, देवळाचा खांब न्हाय," ती म्हणायची. "काल टाइट व्हता, आज हाय का? तुला म्हायती हाय?" दुसरा नियम, एक चढली की एक उभी. म्हणजे वरचीच्या मानेखाली हात नेता येईल एवढ्या अंतरावर खाली जोडीदारीण उभी पाहिजे. रुचिताची जोडीदारीण मी. ती वर, मी खाली. आणि तीन महिने झाल्याशिवाय उलटं व्हायचं नाही, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली, असं क्लेअरने बजावलं होतं. रुचिताला ते तीन महिने फार लांब वाटत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी सुलूने आम्हाला शॉपिंग सेंटरच्या जिन्यात बघितलं. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी विचारलं, "दुसऱ्या मजल्यावर कुठे जाता गं दोघी?"

"तुझ्यासाठी मुलगा बघायला," मी म्हटलं. सुलूला दोन कॉलेजात जाणारी पोरं. बाकीच्या बायका हसल्या, विषय संपला.

माझ्यासाठी संपला. रुचिताने दुसऱ्या दिवसापासून क्लास सोडला. मी समजावलं, रागावले, काही उपयोग झाला नाही. "काकूंच्या कानावर गेलं तर मी त्यांच्यासमोर उभी कशी राहू? माझ्या आईला बोलावून घेतील त्या." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. मला काकूंची भीती कधी वाटली नव्हती, म्हणून तिला का वाटते ते कळायचं नाही.

आठवड्याने ती माझ्याकडे आली ती उड्या मारतच. केबलवाल्याकडून घेतलेल्या इंटरनेटवर तिला व्हिडिओ सापडले होते. कुठल्याशा देशातली सोनेरी केसांची बाई स्वतःच्या दिवाणखान्यात पोल लावून शिकवते, धडा एक, धडा दोन, असं. "घरी करता येतं, उर्मिला! कुठे जायला नको, कुणी बघायला नको."

"आणि पोल?"

तेव्हा तिने मला हाताला धरून तिच्या हॉलमध्ये नेलं आणि छताकडे बोट दाखवलं. वरच्या फ्लॅटमधून पाणी झिरपून तिच्या हॉलच्या छताला बशीएवढा डाग पडला होता. "इंजिनियरने टेकू लावायला सांगितलाय म्हणेन."

मी खो खो हसले. डोकं चालवलं होतं बाईने. क्लेअरचे पोल भाईंदर पूर्वेच्या ज्या फॅब्रिकेटरने केले होते त्याच्याकडूनच तिने स्टीलचा पाइप करून आणला. वर रबर लावलेली चकती, खाली जॅक, स्लॅब ओतताना फळ्यांखाली लावतात त्या टेकूला असतो तसा. दांडी घालून फिरवला की पाइप वर सरकतो आणि छत आणि फरशीच्या मध्ये घट्ट आवळून बसतो. भोक नाही, खिळा नाही. अभिनवने शनिवारी येऊन बघितलं आणि तो मुकाट्याने गळतीबद्दल सोसायटीला पत्र लिहायला बसला. तो पत्र लिहिणारा माणूस. काकूंनी काय केलं? त्यांनी गुढीपाडव्याला गुढीची पूजा झाल्यावर त्या पोललाही हळदीकुंकवाची बोटं लावली. "घर सावरून धरलंय बिचाऱ्याने," म्हणाल्या. रुचिताने आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही, नाहीतर तिथेच हसलो असतो. काकू देवळात गेल्यावर रुचिताने स्पिरिट लावून ते कुंकू पुसलं, कारण हात सटकतो.

दिवसाचा बेत ठरलेला होता. अथर्व शाळेत. काकू पावणेअकराला गणपतीच्या देवळात भजनाला जायच्या, त्या साडेबारापर्यंत. अकराला रुचिता दाराला आतून लॅच लावून कॉम्प्युटर सुरू करायची. त्या तासात बेल वाजली तरी ती उघडत नसे, हाफपँटमध्ये असायची ना. सुरुवातीला मी जायचे. तिच्या फ्लॅटची एक चावी माझ्याकडे खिळ्याला असायचीच, जशी माझी तिच्याकडे. मी चावीने उघडून जायचे आणि खाली उभी राहायचे.

त्या तीन आठवड्यांत मला जे दिसलं ते मला आवडलं नाही. व्हिडिओतली बाई वाईट शिकवत नव्हती, पण ती रुचिताला बघत नव्हती. रुचिताचा खांदा वर चढला तरी ती गोड हसून मोजायची, फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. नेट अडकलं की ती हवेत लटकलेली राहायची आणि रुचिताही तिच्याबरोबर लटकायची, पुढचं दिसेपर्यंत. पोल हलवून बघणं तिच्या कुठल्याच धड्यात नव्हतं. तिचा पोल बहुतेक कायमचा बसवलेला असेल. रुचिता आधी आठवणीने हलवून बघायची, मग एक दिवसाआड, मग नाहीच. कधी हलला नव्हता ना तो. खाली अथर्वची गादी टाकायची, ती दिवाणमधून काढायची आणि परत कोंबायची कटकट होते म्हणून गादीही गेली. आणि तिसऱ्या धड्यातच व्हिडिओतली बाई उलटी झाली.

"क्लेअर तीन महिने म्हणाली होती," मी म्हटलं.

"क्लेअर रखडवते गं. तिला क्लास चालवायचाय. तुम्ही सगळ्या अजून तिथेच आहात, बघ ना."

तुम्ही सगळ्या. मी तिथेच होते, हे खरंच होतं, म्हणून झोंबलं. ती उलटी झाली. पोटऱ्यांमध्ये पोल धरून तिने हात सोडले आणि तिचे केस फरशीपासून हातभर उंचीवर झुलायला लागले. सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण माझे हात तिच्या मानेखाली धरून धरून अवघडले होते, आणि तिने वरूनच सांगितलं, "हात काढ ना, मला धक्का लागतो."

मी हात काढले आणि तोंड उघडलं. माझ्या तोंडाला कधी लगाम नव्हता. "पडशील एक दिवस. मान मोडेल. तेव्हा मला बोलवू नकोस."

ती खाली उतरली. घाम पुसला. आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "नाही बोलवणार."

दुपारी अथर्वला पाठवून तिने माझ्याकडची चावी मागून घेतली. "आईने मागितलीये, पाहुणे येणारेत," पोरगं म्हणालं. कसले पाहुणे! मीही तिच्याकडची माझ्या घराची चावी परत मागवली. झाला अबोला सुरू.

अबोला म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याने आम्हा बायकांत राहून बघावं. भांडण नसतं त्यात. भांडण बरं, निदान आवाज तरी होतो. अबोल्यात दोघी एकाच लिफ्टमध्ये उभ्या राहतात आणि मजल्याचे आकडे वाचतात. वाटीभर साखर लागली तर चौथ्या घरी मागतात. आणि जी आधी बोलेल ती हरली. माझ्या आईने स्वतःच्या सख्ख्या जावेशी नऊ वर्षं अबोला पाळला होता आणि ते ती अभिमानाने सांगायची. मी तिचीच मुलगी. दोन आठवडे गेले. रोज अकराला भिंतीपलीकडून संगीत सुरू व्हायचं, मग स्टीलवर तळवे घासल्याचा चिरका आवाज, मग पाय टेकल्याचा. मी भाजी चिरता चिरता ऐकायचे. पाय टेकल्याचा आवाज आला की मगच माझी सुरी पुढे चालायची. पण मी भिंतीवर थाप मारली नाही.

अभिनवच्या पत्राला एप्रिलमध्ये पाय फुटले. सोसायटीचे सेक्रेटरी दशरथ राणे पावसाळ्याआधी एका मिस्त्रीला घेऊन सगळ्या गळक्या फ्लॅटांची पाहणी करत होते. गुरुवारी दुपारी ते रुचिताच्या घरी आले. रुचिता अथर्वच्या शाळेत निकाल आणायला गेलेली. काकूंनी माझी बेल वाजवली. "उर्मिला, जरा येतेस का? तो माणूस हिंदीत बोलतोय भराभरा, मला धड कळत नाही."

अबोला रुचिताशी होता, काकूंशी नव्हता. मी गेले.

मिस्त्री वयस्क होता, कामाचा माणूस. स्टुलावर चढून त्याने हातोडीच्या दांड्याने छत सगळीकडून वाजवून बघितलं, कान देऊन. मग डागाभोवती. मग खाली उतरून पोलकडे बघत राहिला.

"स्लॅब एकदम ठीक है. सिर्फ पानी का दाग है. ये टेकू किसने लगवाया?"

राणेकाका माझ्याकडे बघायला लागले. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. "इंजिनियर ने बोला था," मी म्हटलं. आणखी एक खोटं, पण ते खोटं माझं नव्हतं, मी फक्त पुढे चालवत होते.

"कौन इंजिनियर? इतना टाइट? ऊपर का प्लास्टर फोड़ देगा ये." त्याने वर दाखवलं. चकतीभोवती केसासारखी बारीक भेग गेली होती. त्याने पिशवीतून दांडी काढली, जॅकच्या भोकात घातली आणि उलटी फिरवली. एक आटा, दोन, तीन. मी मोजले, सहा. वर चकती आणि छताच्या मध्ये बोटभर फट पडली. पोल हातात डुगडुगायला लागला. मग त्याने लाकडाच्या दोन पाचरी त्या फटीत ठोकल्या, नुसता उभा राहण्यापुरत्या, आणि हात झाडले.

"सोमवार को प्लास्टरवाला आएगा, तब निकाल देंगे. तब तक खड़ा है तो खड़ा रहने दो. वजन मत देना उसको."

त्याने त्याचं काम बरोबर केलं होतं. टेकू म्हणून त्या वस्तूशी जसं वागायला हवं तसाच तो वागला. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं की तो टेकू नाही. सांगणारी मी तिथेच उभी होते, आणि शेजारी रुचिताची सासू. मी कशी सांगणार? 'यावर तुमची सून हाफपँट घालून उलटी लटकते'? मैत्रीण बोलत नसली तरी तिचं झाकलेलं तिच्या सासूपुढे उघडं करण्याइतकी मी हलकट नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची. काकू एकदा पोलकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वजन देऊ नका म्हणाला ना गं?" मी म्हटलं, "हो काकू." एवढंच बोलणं झालं. राणेकाकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या फ्लॅटला गेले.

खालून बघितलं तर पोल अगदी पहिल्यासारखाच दिसत होता.

संध्याकाळी लिफ्टमध्ये रुचिता भेटली. बरोबर अथर्व, हातात निकालाचा कागद. तो मला दाखवायला लागला, "मावशी, मला गणितात..." आणि तिने त्याचा हात धरून त्याला पुढे ओढलं. वर आकड्यांकडे बघत राहिली. माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. मिस्त्रीने सगळं ढिलं केलंय, हात लावू नकोस. सात-आठ शब्द. तिने पोराचा हात ओढला नसता तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. चौथा मजला आला. ती बाहेर पडली.

जेवणं झाल्यावर मोबाइलवर मेसेज लिहिला, 'पोल चेक कर'. मग वाटलं, हे वाचून ती म्हणेल आली शेवटी बोलायला. पुसून टाकला. उद्या सकाळी बघू म्हटलं. शिवाय ती काय लहान आहे? क्लेअरने एवढं घोटून घेतलंय, चढण्याआधी हलवेलच की. आणि तिची सासू घरी होती, तीच सांगेल, 'मिस्त्रीने टेकू ढिला केला'. त्यात लपवण्यासारखं काय होतं? असं सगळं मनाशी नीट जुळवून मी झोपले, आणि झोप चांगली लागली. तेही सांगून टाकते.

शुक्रवारी अथर्व सकाळीच सुट्टीतल्या शिबिराला गेला. पावणेअकराला काकूंच्या चपला वाजल्या, लिफ्ट खाली गेली. मी कणीक मळत होते. अकराला संगीत सुरू झालं.

पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करायची असतात. ते संगीत मला पाठ होतं. म्हणजे माझ्याकडे दहा मिनिटं होती. मी परातीत हात तसेच ठेवून ऐकत होते. पोल हलवला असता तर पाचर निसटून पडल्याचा आवाज आला असता, लाकूड फरशीवर. तो आला नाही. पाच मिनिटं झाली. हात धुतले. दारापर्यंत गेले आणि कडी काढली. समोर तिचं बंद दार. बेल वाजवली तरी ती उघडणार नाही, हे मला माहीत होतं. चावी माझ्याकडे नव्हती. हाक मारायला हवी होती. जिन्यात उभं राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी, "रुचिता, पोल ढिला आहे, चढू नकोस!" मी म्हटलं, हे काय वेड्यासारखं. आणि खरं सांगू? त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक आवाज होता. आधी मी का बोलू?

मी तोंड उघडलंही होतं. तिचं नाव अर्धं बाहेर आलं असेल.

आवाज दोन झाले. एक मऊ आणि लगेच मागोमाग एक लोखंडी, भिंत हादरवणारा, लांबत गेलेला. मग व्हिडिओतली बाई एकटी बोलत राहिली. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट.

मी दारावर मुठी आपटल्या, लाथा घातल्या. वरचे-खालचे लोक धावले. कुणीतरी देवळात काकूंना आणायला पळालं. त्या धापा टाकत आल्या. कुलपात चावी घातली, दार फटीएवढं उघडलं, आत बघितलं. मी त्यांच्या मागेच होते. मला फरशीवर उघडी पोटरी दिसली, आणि केस. काकू आत सरकल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या सगळ्यांच्या तोंडावर.

एखादं मिनिट गेलं असेल. संगीत बंद झालं. दार उघडलं तेव्हा रुचिताच्या अंगावर, वरून पांघरल्यासारखा, काकूंचा फुलाफुलांचा गाऊन होता. बाजूला स्टूल आडवं पडलेलं. ते आधी तिथे नव्हतं.

"जळमटं काढायला चढली होती," काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तोल गेला म्हणून टेकूला धरलं, आणि तो सुटला."

रुचिता तेव्हा जिवंत होती. डोळे उघडे होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिच्या डोक्याशी बसले होते आणि सारखी बोलत होते, काय बोलत होते ते आठवत नाही, पंधरा दिवसांचं सगळं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती गेली.

पोलिसांनीही तेच लिहून घेतलं, जळमटं आणि स्टूल. मिस्त्रीला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. अभिनव त्याच्या अंगावर धावून गेला, राणेकाकांना लोकांनी नको नको ते ऐकवलं. मिस्त्री हात जोडून एकच सांगत होता, "मैंने बोला था, वजन मत देना." मी तिथेही होते. साक्षीला माझंच नाव होतं. मी म्हटलं, हो, त्याने सांगितलं होतं. त्यापुढे मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. आठवड्याभरात बी विंगमधल्या आणखी पाच घरांनी घाबरून टेकू लावून घेतले.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. अभिनव अथर्वला घेऊन नाशिकला बहिणीकडे गेला होता. हॉलमध्ये त्या एकट्याच बसल्या होत्या. मला समोर बसवलं. पाणी दिलं.

"भजन मंगळवारी आणि शुक्रवारीच असतं," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस मी देवळाच्या पायरीवर नुसती बसायचे. साडेबारा वाजेपर्यंत."

मला काही कळेना.

"पहिल्याच आठवड्यात चष्मा विसरले म्हणून परत आले. दार जरासं उघडलं. ती फिरत होती. दोन्ही पाय असे लांब करून, जमिनीला न लागता." त्यांनी हाताने हवेत एक गोल काढला. "उर्मिला, या घरात आल्यापासून मी तिला इतकी खुशीत कधी बघितली नव्हती. मी दार ओढून घेतलं. आवाज न करता."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीतेय हे तिला कळलं असतं तर तिने ते त्याच दिवशी बंद केलं असतं. तुला माहितीये ना ती. म्हणून मी कधी काही बोलले नाही. त्या दिवशीही नाही. टेकू ढिला केलाय, वजन देऊ नको, असं सासू सुनेला का सांगेल? लगेच ओळखलं असतं तिने. 'मिस्त्री बघून गेला, सोमवारी काढणार आहेत', एवढंच म्हटलं."

सोमवारी काढणार. शनिवार-रविवार अथर्व घरी असायचा, म्हणजे शुक्रवार तिचा शेवटचा दिवस होता, आणि ते तिला माहीत होतं.

"तू होतीस ना तिथे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आताही चढला नव्हता. "तू सगळं बघितलंस. मला वाटलं, तू सांगशील तिला."

"आमचा अबोला होता, काकू."

"ते दिसत होतं मला. चावी नेली ना तिने." त्या माझ्याकडे बघत होत्या, खरोखर विचारत होत्या, टोमणा नव्हता त्यात. "पण असल्या गोष्टीत कोण अबोला पाळतं गं?"

"मी," मी म्हटलं.